पोहून आल्यावर घोडीची शुगर वाढलेली दिसते, पोहवणं बंद करू का?

प्रश्न थोडक्यात असा. मोहोळ तालुक्यातल्या एका दादांकडे नऊ वर्षांची मारवाडी घोडी आहे, बिजली. लग्नसराईत वरातीला जाते, बाकीचे महिने दावणीला उभी. गेल्या वर्षी तिचे पुढचे पाय धरले. तेव्हा आलेल्या डॉक्टरांनी ‘हिला शुगरची भानगड दिसते, वजन उतरवा’ एवढंच सांगितलं. पुढे कुणीतरी सुचवलं की पोहवा, सगळी शुगर जळून जाते. म्हणून गेला महिनाभर ती रोज सकाळी शेततळ्यात दहा-पंधरा मिनिटं पोहते. अशक्तपणा येऊ नये म्हणून त्याआधी भिजवलेला हरभरा आणि गुळाचा खडा. वडिलांच्या शुगरच्या मशीनवर मोजलं तर पोहण्याआधी ९२ आणि बाहेर आल्याआल्या १३८. दादांचं म्हणणं, ‘कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय. बंद करू का? आणि वडिलांची गोळी थोडी देऊन पाहू का?’

दादा, मी गेली चोवीस वर्षं सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत जनावरांवर उपचार करते, त्यात घोडे बरेच. शास्त्राकडे नंतर वळू, आधी दोन गोष्टी.

वडिलांची गोळी देऊ नका. ती बहुधा मेटफॉर्मिन असेल. घोड्याच्या आतड्यातून ते औषध फारच थोडं शोषलं जातं, त्यामुळे ‘थोडी’ गोळी देऊन हाती काही लागत नाही. आणि ती दुसऱ्या जातीची गोळी निघाली, तर साखर एकदम खाली नेण्याचं काम करू शकते. घोडी पाण्यात असताना ते झालं तर काय, याचा विचार करा.

दुसरं शेततळ्याचं. तुमच्या तळ्याला प्लास्टिकचा कागद असेल, तर उद्यापासून तिथे पोहवणं बंद. हे मी घाबरवायला सांगत नाही. काही वर्षांपूर्वी बार्शीच्या बाजूला अशाच तळ्यातून एक घोडा काढायला गेले होते. ओल्या कागदावर खूर टिकत नाही. घोडा काठाला येतो, पुढचे दोन पाय टाकतो, घसरतो, पुन्हा पोहत मधे जातो. आम्ही पोहोचेपर्यंत त्याचा पाऊण तास त्यातच गेला होता. शेवटी उतारावर जुनी पोती आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पसरली, पोटाखालून पट्टे घातले आणि आठ जणांनी ओढून काढला. वाचला, पण नाकातोंडात पाणी गेल्यामुळे पुढे फुप्फुसाला सूज आली आणि मालकाचे दहा-बारा दिवस इंजेक्शनांत गेले. तुम्ही म्हणाल, आमची घोडी महिनाभर रोज वर येतेय. येते, कारण ती अजून दमलेली नसते. ज्या दिवशी दमेल त्या दिवशी येणार नाही. तळ्याला एका बाजूने मुरूम-खडीचा सावकाश उतार करून घेतला असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही.

आता मूळ मुद्दा. तुमची खरी अडचण ‘पोहणं चांगलं की वाईट’ ही नाही. बिजलीचे पाय पुन्हा धरू नयेत, ही आहे. आणि ज्या आकड्यावरून तुम्ही निर्णय घ्यायला निघालात, तो आकडा त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

निवांत उभ्या असलेल्या घोड्याच्या रक्तातली साखर साधारण ७५ ते ११५ असते. तुमचं ९२ अगदी मधोमध आलं. पोहल्यावर १३८ का, हे आपल्या जिल्ह्यात समजावणं सोपं आहे. कारखान्याचा हंगाम लागला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ती रांग बघून ‘गाळप बंद पडलंय वाटतं’ असं दरवेळी कुणी म्हणत नाही. गाळप जोरात आहे म्हणूनच तर फडातली तोड वाढलेली असते. घोड्याचं रक्त म्हणजे तो रस्ता, यकृत म्हणजे फड आणि स्नायू म्हणजे कारखाना. मशीन रस्त्यावरच्या ट्रॉल्या मोजतं. कारखान्यात किती ऊस गेला, हे त्याला कळत नाही.

पाण्यात उतरलं की घोड्याचं शरीर तातडीच्या कामाला लागतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन फुटून साखर रक्तात येते, आणि ती स्नायूंच्या मागणीपेक्षा थोडी जास्तच येते. त्याच वेळी स्वादुपिंड इन्सुलिनचा हात आखडता घेतं. म्हणून जोराच्या, थोड्या वेळाच्या कामानंतर लगेच मोजलं तर साखर चढलेली दिसते. शर्यतीच्या घोड्यांतही हेच दिसतं, त्यांना काही कुणी आजारी म्हणत नाही. याच्या उलट, तासन् तास दुडक्या चालीने लांबचा पल्ला मारणाऱ्या घोड्यात यकृतातला साठा उतरत जातो आणि साखर खाली येते. म्हणजे ‘व्यायामाने साखर वाढते की कमी होते’ याचं उत्तर व्यायाम किती जोराचा, किती वेळ आणि तुम्ही मोजलं कधी, यावर आहे. बिजलीची साखर बाहेर आल्यावर अर्ध्या तासाने आणि एक तासाने पुन्हा मोजून पाहा. माझा अंदाज, ती मूळ पदावर आलेली असेल.

पोहण्यात हा चढ जरा जास्तच दिसतो, त्याला कारण आहे. घोडा पोहतो म्हणजे मजेत तरंगतो, असं आपल्याला काठावरून वाटतं. त्याच्या बाजूने बघा. छातीवर चहूबाजूंनी पाण्याचा दाब, त्यामुळे श्वास मनासारखा घेता येत नाही. तो छातीत हवा भरून रोखतो आणि मग फुर्रकन सोडतो. तो आवाज तुम्ही ऐकला असेलच. मान वर ताणलेली, पाठ खाली गेलेली, मागचे पाय रेटा देतायत, पुढचे तोल सांभाळतायत. निवांत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात. पोहताना ते सहज दीडशेच्या वर जातात, नवख्या किंवा घाबरलेल्या घोड्याचे त्याहूनही वर. म्हणजे दहा-पंधरा मिनिटं पोहणं हे फेरफटका मारणं नव्हे, ती चांगली चौखूर दौड आहे. शर्यतीच्या तबेल्यांतसुद्धा एका दमात काही मिनिटांपलीकडे पोहवत नाहीत. तुम्ही दावणीला उभ्या असलेल्या जाड घोडीला थेट पंधरा मिनिटांवर नेलंत. तिने ते निभावलं हा तिचा मोठेपणा.

आणि मशीनच्या आकड्यावर माझा तसाही फार विश्वास नाही, त्याची कारणं ऐका. घोड्याची प्लीहा ही रक्तपेशींचं कोठार असते. जोराचा व्यायाम झाला की ती आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी एकदम रक्तात सोडते, रक्त घट्ट होतं. माणसाच्या मशीनला घट्ट रक्ताची सवय नाही, ते अशा वेळी साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. दुसरीकडे, ज्या बोटांनी गूळ भरवला त्याच बोटांनी पट्टी धरली तर आकडा उगाच वर. ओल्या केसांतून घेतलेला थेंब पाण्याने पातळ झालेला. म्हणजे तुमचे १३८ हे खरे १३८ असतीलच असं नाही, जास्त असतील किंवा कमी. एकाच मशीनवर, कोरड्या हाताने, मानेच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताचे आकडे आपसात ताडून बघायला ठीक. त्यावर औषध ठरवू नये.

प्रयोगशाळेचा आकडासुद्धा आंधळेपणाने घेऊ नये, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, मे महिन्यात, करमाळ्याकडून एका घोड्याचं रक्त साध्या नळीतून आलं होतं. मोटारसायकलच्या डिकीतून, भर दुपारी. साखर आली ४१. मी घाबरून ग्लुकोजची सलाईन लावायला धावले. घोडा मजेत कडबा खात उभा होता! नळीतल्या तांबड्या पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात, आणि उन्हात तर जास्तच वेगाने. साखरेसाठी रक्त राखाडी टोपणाच्या, फ्लुओराइड असलेल्या नळीत घ्यायचं, बर्फात ठेवायचं आणि लवकर पोहोचवायचं. ताजं रक्त असूनही साखर कमीच येत असेल, सोबत उलटून येणारा ताप, खंगत जाणं, पोटाखाली-पायांवर सूज असेल, तर मी आधी सरा शोधते. चावऱ्या माश्यांतून पसरणारा तो रक्तातला परजीवी घोड्याची साखर फस्त करतो. बिजलीचं चित्र तसं नाही.

बिजलीचं चित्र इन्सुलिनचं वाटतं. माणसाच्या मधुमेहात शेवटी स्वादुपिंड थकतं आणि साखर वर जाते. घोड्यात तसा मधुमेह क्वचितच होतो. जाड घोड्याच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या, तरी त्याचं स्वादुपिंड हार मानत नाही. ते दुप्पट, चौपट, दहापट इन्सुलिन ओततं आणि साखर जागच्या जागी धरून ठेवतं. म्हणून साखर ९२ आणि तरी घोडी आजारी, असं होऊ शकतं. इन्सुलिन म्हणजे कारखान्याच्या गेटवरचा माणूस. तो आधी खुणेने ट्रॉल्या आत घ्यायचा, आता कर्णा घेऊन ओरडतोय. रस्ता मोकळा दिसतो, पण ओरडणं कुणी मोजत नाही.

आणि त्रास त्या ओरडण्याचाच आहे. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी पोनींना शिरेतून भरपूर इन्सुलिन दिलं आणि सोबत ग्लुकोज देऊन रक्तातली साखर मुद्दाम सामान्य ठेवली. तीन दिवसांच्या आत त्या सगळ्या पोनींना लॅमिनायटिस झाला. लॅमिनायटिस म्हणजे खुराचं कवच आतल्या हाडाला ज्या पडद्यांनी घट्ट धरलेलं असतं त्यांची सूज. तीन वर्षांनी मोठ्या घोड्यांतही तेच दाखवलं गेलं. साखर वाढलेली नसताना, केवळ इन्सुलिनने खूर गेले. बिजलीचे पुढचे पाय धरले होते ते दगड लागून की याने, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण वजन आणि ‘बाकीचे महिने दावणीला’ हे वाचल्यावर माझी बोटं आधी तिच्या खुराच्या नाडीकडे जातील.

आता पोहण्याचा उपयोग. आहे, आणि चांगला आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा साखर आत घ्यायची दारं तो इन्सुलिनची वाट न बघता स्वतः उघडतो. व्यायाम संपल्यावरही, रिकामं झालेलं ग्लायकोजेन भरून काढायला तो साखर ओढत राहतो. घोड्यात हे भरणं सावकाश चालतं, पुरं व्हायला दोन-तीन दिवससुद्धा लागतात. आणि घोड्याच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग स्नायूच असतो, म्हणजे कारखाना केवढा मोठा बघा. नियमित कामाने काही आठवड्यांत इन्सुलिनला पेशी पुन्हा दाद द्यायला लागतात. पण काम थांबलं की हा फायदा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. रविवारी पोहवलं आणि शनिवारपर्यंत बांधून ठेवलं, यात काही नाही.

दुसरी गोष्ट कुणाला ऐकायला आवडत नाही. नुसत्या व्यायामाने, खाणं तसंच ठेवून, जाड घोड्याचं इन्सुलिन फारसं हलत नाही. वजन उतरलं पाहिजे, आणि वजन गव्हाणीत उतरतं, पाण्यात नाही.

पोहण्याचे प्रयोग बहुतेक शर्यतीच्या घोड्यांवर झालेत. तिथे पोहणं निवडतात ते साखरेसाठी नव्हे, तर पायांच्या सांध्यांवर-शिरांवर भार न टाकता दम टिकवायला. साखर वापरण्याच्या दृष्टीने स्नायूला पाणी काय नि जमीन काय, काम झालं पाहिजे. त्यामुळे ‘पोहण्यात शुगर जळण्याचा खास गुण आहे’ हे मला पटत नाही. पोहण्याचा खास गुण एकच, पायांवर वजन येत नाही. तो तुमच्या घोडीला किती लागतो, हे तिच्या खुरांवर अवलंबून आहे.

इथे मोह होतो की खूर दुखतायत, म्हणून पोहवावं. नको. खुरात सूज चालू असताना पाण्यापर्यंत चालत जाणं आणि उतारावरून रेटा देत वर येणं, एवढ्यानेच नुकसान होतं. खुराची भिंत हाताला गरम लागते का, मुठीच्या, म्हणजे खुराच्या वरच्या, सांध्यामागे दोन्ही बाजूंना नाडी ठणकताना जाणवते का, उभं राहताना ती पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलते का, वळताना कुचराई करते का, हे रोज बघा. यातलं एकही असेल तर व्यायाम बंद, मऊ जमिनीवर उभी करा आणि डॉक्टरांना बोलवा.

माझं मत विचाराल तर बिजलीला पोहवण्यापेक्षा पोटापर्यंतच्या पाण्यात चालवा. पाणी तिच्या पोटाला लागलं की पायांवरचा भार बऱ्यापैकी हलका होतो, पाण्याला कापत चालताना स्नायूंना काम भरपूर पडतं, श्वास मोकळा राहतो आणि दमली तर ती नुसती उभी राहू शकते. पोहताना उभं राहण्याची सोय नाही. जागा मात्र पारखून. सीना-भीमेच्या पात्रात जिथे वाळू उपसलीये तिथे दोन पावलांवर पुरुषभर खड्डा असतो, उजनीच्या फुगवट्याच्या कडेला पाणी ओसरलं की गुडघाभर गाळ. आधी स्वतः काठी घेऊन उतरा, तळ चाचपा, मग घोडी. शहरातल्या तलावांत नेऊ नका. पाण्यावर हिरवा तवंग असेल तिथे तर अजिबातच नाही.

पोहवायचंच असेल आणि पक्क्या उताराची जागा मिळाली, तर मिनिटभराने सुरुवात करा. बाहेर काढा, फिरवा, ठोके उतरू द्या, पुन्हा मिनिटभर. महिन्याभरात सलग चार-पाच मिनिटांवर या, पुढे जाऊ नका. खोगीर, तंग काही नाही. म्होरकीला दोन लांब दोऱ्या, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, आणि दोरी मानेला बांधायची नाही. तिच्या पुढ्यात कुणी पोहायचं नाही, पुढच्या पायांचा फटका बसला तर माणूस उरत नाही. नाकपुड्या पाण्याच्या रेषेशी यायला लागल्या की लगेच बाहेर. पाठ किंवा मागचा भाग दुखणाऱ्या, धाप लागणाऱ्या घोड्याला हा व्यायाम नाहीच.

बाकीचे दिवस जमिनीवर. लांब दोरीवर मऊ रानात गोल फिरवणं, दुडकी आणि हलकी दौड. खुरांचा त्रास कधीच झाला नसता तर मी आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासाहून जास्त, ठोके १५० ते १७० राहतील असं काम सांगितलं असतं. एकदा पाय धरलेल्या आणि आता पूर्ण बऱ्या असलेल्या घोडीला त्याहून हलकं, ठोके ११० ते १५०, आठवड्यातून निदान तीनदा आणि मऊ जमिनीवरच. ठोके मोजायला जबड्याच्या हाडाखालची नाडी पंधरा सेकंद धरा आणि चारने गुणा. थांबल्याबरोबर धरायची, घोड्याचे ठोके भराभर उतरतात. वरातीचं काम व्यायामात धरू नका. चार तास बँडपुढे उभं राहून घोडी चालते दोन फर्लांग, आणि मांडवाच्या दारात तिला जिलेबी भरवणारे दहा जण. लग्नसराईतच माझ्याकडे लॅमिनायटिसच्या केसेस वाढतात, हा योगायोग मला वाटत नाही.

खाण्याकडे येते. मारवाडी काय किंवा आपल्या भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू काय, ही दुष्काळात तग धरणारी शरीरं आहेत. थोडक्यात भागवणं, मिळालेलं साठवणं त्यांच्या रक्तात आहे. उजनीचं पाणी आलं, रानात ऊस आला, आणि त्याच घोड्यांच्या गव्हाणीत वाढे (उसाचे हिरवे शेंडे), मका आणि गूळ पडायला लागला. काम मात्र गेलं.

तर आधी वजन काढा. तंग बांधतो तिथला छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १८० आणि लांबी १५४ आली तर घोडी सुमारे ४२० किलोची. तिला दिवसाला वजनाच्या दीड टक्का सुका चारा, म्हणजे सहा-सात किलो, तोही तोलून. पेंढ्या मोजू नका, मंगळवेढ्याच्या मालदांडीची पेंढी आणि कुणाच्या घरची पेंढी यात दुपटीचा फरक पडतो. वाळलेलं गवत मिळालं तर उत्तम, ते पाण्यात भिजवून, पाणी फेकून द्यायचं, त्यात विरघळणारी साखर निघून जाते. उन्हाळ्यात तासभर पुरे, जास्त ठेवलं तर आंबतं. कडब्याची कुट्टी देत असाल तर पाणी भरपूर पाजा, नाहीतर पोट बांधून घेईल. वाढे, मका, गूळ, काकवी, बाजरी, शिळ्या भाकरी, सगळं बंद. हरभरा मूठभर, तोही औषध-मिठाची पूड मिसळण्यापुरता.

पोहण्याआधीची चंदी तर मुळीच नको. हरभरा-गूळ पोटात गेल्यावर इन्सुलिन चढतं, आणि ते चढलेलं असताना व्यायाम सुरू झाला तर स्नायू आणि इन्सुलिन दोघं मिळून साखर ओढतात, सुरुवातीलाच ती खाली डुबकी मारते. म्हणजे तुम्ही अशक्तपणा येऊ नये म्हणून देताय, त्याच्या उलट होण्याची शक्यता. थोडी कुट्टी चघळू द्या, एवढंच. एक सूचना मात्र ठळक: खाणं एकदम तोडू नका. उपाशी ठेवलेल्या जाड घोडीच्या, त्यातही गाभण असेल तर, रक्तात चरबी उतरते आणि ते लॅमिनायटिसपेक्षा लवकर जीव घेतं. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उतरा.

कोणती तपासणी करायची, तर इन्सुलिन. सकाळी, नुसता सुका चारा खाल्लेला असताना, व्यायामाआधी आणि घोडी शांत असताना. (आकडे µIU/mL या मापात) २० च्या खाली आलं म्हणजे सुटलो असं नाही, २० ते ५० मध्ये संशय, ५० च्या वर बिघाड पक्का. कमी आलं तरी ग्लुकोज खाऊ घालून ठरावीक वेळाने इन्सुलिन मोजायची चाचणी असते, ती डॉक्टरांच्या देखरेखीतच करायची. प्रयोगशाळेला आधी विचारा, तुमचं इन्सुलिनचं किट घोड्याच्या रक्तावर तपासून घेतलेलं आहे का? माणसांच्या किटपैकी काही घोड्याचं इन्सुलिन नीट ओळखत नाहीत. इथे सोय झाली नाही तर शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. आता घोडीचं वय नऊ आहे, पंधरा-सोळाच्या पुढची असती तर मी पिट्युटरी ग्रंथीचा आजारही सोबत तपासायला सांगितलं असतं. औषधं हल्ली आहेत, इन्सुलिन झपाट्याने उतरवणारीही आहेत, पण ती रक्तातली चरबी वाढवू शकतात, म्हणून रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी नावही सांगणार नाही.

तर या आठवड्यापुरतं काम असं: शेततळं बंद, गूळ-वाढे बंद, खुरांची नाडी रोज, घेर-लांबी मोजून वहीत, इन्सुलिनचं रक्त पाठवायचं. मशीन वडिलांना परत द्या. घेर दर पंधरवड्याला त्याच टेपने, त्याच जागी मोजा. मानेवरची चरबी आयाळीच्या मुळाशी चिमटीत धरून बघा, ती टणक असेल तर मऊ व्हायला लागणं ही पहिली चांगली खूण.

रिपोर्ट आला की आकड्यासोबत कोणत्या किटवर केलं तेही लिहा. आणि दोन्ही पुढच्या खुरांचे फोटो टाका, जमिनीच्या पातळीवर मोबाइल ठेवून, बाजूने, खूर धुऊन. भिंतीवरच्या वळ्या टाचेकडे रुंद होत गेलेल्या दिसल्या, तर पाय धरणं गेल्या वर्षीचं नाही, त्याआधीपासूनचं आहे, आणि मग नालबंदालाही या चर्चेत घ्यावं लागेल.